सन्मानाचे चार रकाने

आत्मस्तुती हा दोष आहे असे बाळपणापासून ज्याच्या मनावर ठसविलेले असते, त्याच मनुष्यास पुढे केव्हातरी नोकरीसाठी अर्ज करावा लागतो, आणि त्या एका कागदापुरता तो दोष एकाएकी गुण ठरतो. एरव्ही आपल्या समाजाने स्तुतीच्या कामाची मोठ्या दूरदृष्टीने विभागणी करून ठेवली आहे. ज्याचा सत्कार व्हावयाचा तो व्यासपीठावर संकोचाने खाली मान घालून बसतो. मानपत्र लिहितो दुसरा, ते अडखळत वाचतो तिसरा, शाल घालतो चौथा, आणि श्रीफळ ऐन वेळी सापडत नाही म्हणून धावाधाव करतो पाचवा. सत्कारमूर्तीने शेवटी उठून ‘मी या सन्मानास पात्र नाही’ एवढे एकच असत्य बोलले म्हणजे समारंभ यथासांग पार पडतो. अर्जाच्या बाबतीत मात्र हे पाचही जण एकाच देहात कोंबावे लागतात. सत्कारमूर्तीही आपणच, मानपत्रकारही आपणच, आणि आपल्या खांद्यावर शाल घालून पुन्हा आपणच आश्चर्यचकित व्हावयाचे!

संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचा व्यवसाय करणारा जो वर्ग आहे, ज्यास आपण सर्व जण आता डेव्हलपर या नावाने ओळखतो, त्याने या संकटावर आपल्या स्वभावास अनुसरून एक तोडगा काढला. मनातला संकोच जात नसेल तर निदान मजकुराचा साचा तरी नक्की करावा, या हेतूने २०१४ च्या सुमारास ‘जेसन रेझ्युमे’ नावाचा एक मुक्त मसुदा सिद्ध झाला. जेसन ही माहिती टिपून ठेवण्याची एक पद्धती. डग्लस क्रॉकफर्ड या अमेरिकन गृहस्थांनी या शतकाच्या आरंभी तिचा पुरस्कार केला आणि २०१३ साली तिला प्रमाणित दर्जा मिळाला. शाळेत ज्यांस आपण महिरपी कंस म्हणत असू त्या कंसांच्या आत एका बाजूस रकान्याचे नाव, मध्ये अपूर्णविराम आणि दुसऱ्या बाजूस त्याचे मूल्य, एवढाच तिचा संसार. या मसुद्यात मनुष्याच्या आयुष्याचे बारा विभाग पाडले आहेत: प्राथमिक माहिती, नोकऱ्या, स्वयंसेवा, शिक्षण, पुरस्कार, प्रमाणपत्रे, प्रकाशने, कौशल्ये, भाषा, आवडी, शिफारसी आणि प्रकल्प. पुरस्कारांचे स्थान शिक्षणाच्या लगेच नंतर आणि प्रमाणपत्रांच्या आधी आहे. बाकीचे अकरा विभाग भरताना मनुष्यास फार तर आळस येतो. लाज वाटते ती याच एका विभागात, आणि मोह होतो तोही यातच.

या विभागातील प्रत्येक नोंदीस चारच रकाने आहेत: पुरस्काराचे नाव, तारीख, देणारा आणि सारांश. मसुदाकारांनी अर्जदारास दिशा कळावी म्हणून रकान्यांपुढे नमुने दिले आहेत, आणि ते वाचून नवशिक्याच्या छातीत धडकी भरल्यावाचून राहत नाही. नावासाठी दिलेला नमुना आहे ‘शतकातील शंभर थोर बुद्धिमंतांपैकी एक’; देणारा कोण, तर ‘टाइम’ नियतकालिक; आणि कशासाठी, तर पुंजभौतिकीतील कार्यासाठी! शतकातील शंभर थोर बुद्धिमंतांत ज्याची गणना झाली तो मनुष्य कर्वेनगरच्या खोलीत रात्री दोन वाजता आपला अर्ज महिरपी कंसांत बसवीत कशासाठी बसेल, ही शंका मसुदाकारांच्या मनास शिवलेली दिसत नाही. त्याच ‘टाइम’ने विसाव्या शतकाची अग्रगण्य व्यक्ती म्हणून आइन्स्टाइन यांची निवड केली ती १९९९ च्या अखेरीस, आणि आइन्स्टाइन तर १९५५ मध्येच दिवंगत झाले होते. तेव्हा नोकरीच्या अर्जात ती नोंद करण्याची संधी त्यांस लाभली नाही, हे उघड आहे.

पहिला रकाना नावाचा. पूर्वीच्या काळी पुरस्काराला निराळा रकाना लागतच नसे, कारण पुरस्कार थेट मनुष्याच्या नावातच शिरून बसे. रावसाहेब, रावबहादूर, दिवाणबहादूर हे इंग्रज सरकारचे किताब ज्यांना मिळाले त्यांची मूळ नावे त्यांच्या बायकामुलांनाही आठवेनाशी झाली, आणि ‘रावबहादूर जेवायला बसले आहेत’ एवढे म्हटले म्हणजे आळीतल्या पोस्टमनला पुरे होई. स्वतंत्र भारताने हा घोटाळा निस्तरला. संविधानाच्या अठराव्या अनुच्छेदाने लष्करी आणि विद्याविषयक बहुमान वगळता बाकीचे किताब देण्यास राज्याला मनाई केली. १९५४ साली भारतरत्न आणि पद्म सन्मान सुरू झाले खरे. परंतु हे सन्मान म्हणजे किताब नव्हेत, आणि म्हणून ते नावाच्या पुढे वा मागे लावता कामा नयेत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या डिसेंबरात दिला. संगणकाच्या भाषेत सांगावयाचे तर न्यायालयाने एवढेच म्हटले की, पद्मश्री ही नोंद प्राथमिक माहितीच्या विभागात नावाच्या रकान्यात न करता पुरस्कारांच्या विभागात करावी. निमंत्रणपत्रिका छापणाऱ्यांपर्यंत हा निकाल अद्याप पोहोचलेला नाही. जेसनच्या मसुद्याने मात्र तो आपण होऊन पाळला आहे, आणि तोही भारताचे संविधान न वाचता, ही गोष्ट कौतुकास्पद मानली पाहिजे.

नावाच्या रकान्यातली खरी अडचण अशी की, पुष्कळदा पुरस्काराचे नाव आणि पुरस्कृताचे स्वरूप यांचा मेळ बसत नाही. ग्रेस हॉपर या विदुषीने संगणकाला मनुष्याच्या भाषेजवळ आणण्यासाठी जे कार्य केले त्याबद्दल १९६९ साली तिचा गौरव झाला. गौरव करणारी अमेरिकन संस्था संगणकशास्त्रातला हा पुरस्कार प्रथमच देत होती, आणि तिने त्याचे नाव ठेवले होते ‘वर्षातील श्रेष्ठ पुरुष’! बाईंनी तो स्वीकारला. आमच्या ओळखीच्या तरुण मंडळींच्या अर्जांतील नावे याहून निराळ्या अर्थाने थोर असतात. महिन्याचा तारा, तिमाहीचा तारा, जागच्या जागी दिलेला स्पॉट अवॉर्ड, पाठीवर थाप मारल्याचे प्रशस्तिपत्र, अशी एक तारांगणवजा यादीच तेथे झळकत असते. एका उमेदवाराच्या यादीत तारे इतके दाट होते की, एवढ्या लखलखाटात त्याने नेमके काम कोणते केले हे मुलाखत घेणारास अखेरपर्यंत दिसले नाही.

दुसरा रकाना तारखेचा, आणि तो वरवर निरुपद्रवी दिसतो. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, असा आंतरराष्ट्रीय क्रम येथे पाळावा लागतो; महिना वा दिवस आठवत नसेल तर गाळण्याची मुभा आहे. वर्षाचा आरंभ एक किंवा दोन या अंकाने व्हावा एवढीच अट असल्यामुळे १००० ते २९९९ एवढा प्रदेश अर्जदारास मोकळा सोडला आहे. देवगिरीच्या यादवांकडून मिळालेला ताम्रपट बिनदिक्कत लिहावा. सातवाहनांनी काही दिले असल्यास मात्र ते सांगण्याची सोय नाही. भारत सरकारने १९५७ साली शालिवाहन शकावर आधारलेली राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली, परंतु तिच्याविषयीच्या अभिमानापोटी कोणी तिमाहीच्या ताऱ्यापुढे शकाचे १९४६ हे वर्ष लिहिले, तर यंत्र त्यास निमूट स्वीकारील आणि आपला उमेदवार स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षापासून जावा भाषेत आज्ञावली लिहीत आहे अशी वाचणाऱ्याची समजूत होईल. गंमत अशी की, महिना आणि दिवस तपासण्याचा नियम मसुदाकारांनी इतका सैल ठेवला आहे की, एकोणिसाव्या महिन्याची एकोणचाळिसावी तारीखही त्यातून सुखरूप पार पडते. पुरस्कार खरा आहे की खोटा हे यंत्र तपासणार नाही, हे समजण्यासारखे आहे. पण तो पंचांगात तरी बसतो की नाही, एवढे पाहण्याचे कष्टही त्याने घेतलेले नाहीत.

तिसरा रकाना देणाऱ्याचा, आणि माझ्या मते चौघांत हाच सर्वांत मर्मभेदक. पुरस्काराची किंमत पुरस्कारात नसते, ती देणाऱ्यात असते, हे सर्वांना मान्य असते. परंतु देणारा कोणाच्या आधाराने उभा आहे हे विचारण्याची रीत नाही. आपल्या इतिहासातच याचा एक भव्य दाखला आहे. १७९२ साली महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाच्या सनदा घेऊन पुण्यास आले आणि मोठा दरबार भरवून त्यांनी सवाई माधवराव पेशव्यांस वकील-इ-मुतलकीचा बहुमान वस्त्रांसह अर्पण करविला. दरबारात बादशहाच्या नावाने रिकामे तख्त मांडले होते, फर्माने होती, खिलत होती, नजराणा होता; कशाचीही उणीव नव्हती. उणीव एवढीच की, बहुमान देणारा शाह आलम हा चार वर्षांपूर्वी गुलाम कादिराने डोळे काढलेला, आणि स्वतःच्या राजधानीत शिंद्यांच्याच संरक्षणाखाली दिवस कंठणारा बादशहा होता. म्हणजे ज्याला जिवंत ठेवण्याचा खर्च पुरस्कृताच्या सरदाराकडून होत होता, त्याच्याच मोहरेने पुरस्कृताचा गौरव झाला. नाना फडणविसांना हा थाट मनापासून रुचला नव्हता, आणि तेवढ्यावरूनही त्यांच्या हिशेबीपणाची खात्री पटावी.

ही पद्धत दरबाराबरोबर संपली असे मानण्याचे कारण नाही. आजही अमुक क्षेत्रातील अग्रणी म्हणून आपली निवड झाल्याचे अभिनंदनपर पत्र प्रथम येते, आणि त्याच्या खालच्या परिच्छेदात नोंदणीशुल्क, मानचिन्हाचा खर्च आणि पंचतारांकित हॉटेलातील भोजनाचा दर माणशी आकार, हे सारे सविस्तर नमूद केलेले असते. रिकामे तख्तही असतेच, कारण माननीय प्रमुख पाहुणे काही अपरिहार्य कारणास्तव उपस्थित राहू शकलेले नसतात. अशा पुरस्काराची नोंद करताना देणाऱ्याच्या रकान्यात संस्थेचे नाव लिहावे की स्वतःचे, हा प्रश्न प्रामाणिक मनुष्यास पडावा. मात्र ज्याला तो पडतो तो बहुधा शुल्कच भरत नाही, आणि त्यामुळे व्यवहारात अडचण येत नाही.

चौथा रकाना सारांशाचा. वरील तीन रकाने भरण्यास स्मरणशक्ती पुरते. येथे सत्याची गरज लागते. मसुद्याबरोबर जो एक संपूर्ण नमुना-अर्ज दिला आहे तो ‘सिलिकॉन व्हॅली’ या दूरचित्रवाणी मालिकेतील काल्पनिक नायकाचा आहे. त्याला माहितीच्या संक्षेपणाचा अग्रदूत म्हणून एक काल्पनिक पुरस्कार मिळाला आहे, तारीख आहे, देणारी वृत्तसंस्था आहे. सारांशाच्या रकान्यात मात्र चमचा मुळात अस्तित्वातच नाही, अशा अर्थाचे एका चित्रपटातील गूढ वाक्य तेवढे आहे. पुरस्कार कशासाठी मिळाला हे सांगणे किती अवघड आहे, याची याहून स्पष्ट कबुली नमुनाकारांनी दिली असती तर ती शोभली नसती.

सारांश नीट लिहिता येतो याचा पुरावा स्टॉकहोमने पूर्वीच दिला आहे. आइन्स्टाइन यांस १९२१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले ते सापेक्षतेसाठी नव्हे. सैद्धान्तिक भौतिकीतील सेवेबद्दल, आणि विशेषेकरून प्रकाश-विद्युत परिणामाच्या नियमाच्या शोधाबद्दल, असे कारण समितीने दिले. जगातील सर्वांत प्रसिद्ध सिद्धान्ताचा उल्लेख टाळून एका विशिष्ट नियमावर बोट ठेवण्याचा हा संयम आमच्या कचेऱ्यांत आढळत नाही. तेथील सारांश बहुधा ‘अपेक्षांच्या पलीकडे जाऊन दिलेल्या अतुलनीय योगदानाबद्दल’ असा असतो. अपेक्षा काय होत्या, त्यांची सीमा कोठे होती आणि ती ओलांडताना उमेदवाराच्या हातून नेमके कोणते कृत्य घडले, हे त्या वाक्यावरून पुरस्कार देणाऱ्या साहेबांसही सांगता येत नाही. वास्तविक पाहता तो उमेदवार दिवाळीच्या रात्री बंद पडलेली यंत्रणा फराळाचे ताट बाजूला सारून पहाटेपर्यंत दुरुस्त करीत बसलेला असतो. तेवढे एक वाक्य त्याने सारांशात लिहिले असते तर पुरस्काराच्या नावाची गरजच उरली नसती. पण तसे साधे लिहिणे त्यास अप्रतिष्ठेचे वाटते.

या मसुद्याचे व्याकरणही मोठे नीतिमान आहे. जेसनमध्ये यादीतील शेवटच्या नोंदीपुढे स्वल्पविराम चालत नाही. दिलाच तर यंत्र संपूर्ण अर्ज परत करते. स्वल्पविराम म्हणजे आणखी काहीतरी येणार असल्याचे आश्वासन, आणि पुरस्कारांच्या यादीच्या शेवटी तसले आश्वासन देण्याची ज्यांस सवय आहे त्यांना हा नियम फार जाचतो. त्याहून कठोर नियम असा की, जेसनमध्ये टिप्पणीस थारा नाही. अन्य संगणक-भाषांतून लेखकास बाजूला चार शब्द लिहिता येतात. क्रॉकफर्ड यांनी ही सवलत जेसनमधून बुद्ध्याच काढून टाकली, कारण लोक टिप्पणीत यंत्राला छुप्या सूचना देऊ लागले होते. त्यामुळे ‘वस्तुतः प्रथम क्रमांक आमचाच होता, परंतु परीक्षकांचा भाचा स्पर्धेत असल्यामुळे’ इत्यादी जो मजकूर मराठी मनुष्य द्वितीय पारितोषिकाचा उल्लेख करताना आयुष्यभर सांगत असतो, त्यास या मसुद्यात कोठेही जागा मिळत नाही.

डेव्हलपर लोकांचे स्वतःचे सन्मान पाहू गेल्यास हे चार रकाने आणखीच रंगतात. गिटहब या संकेतस्थळाने २ फेब्रुवारी २०२० रोजी आपल्याकडील सार्वजनिक आज्ञावलींची प्रतिकृती काढली. २१ टेराबाइटांचा तो ऐवज १८६ रिळांवर उतरवून स्वालबार्ड द्वीपसमूहातील एका बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीत हजार वर्षांच्या बेगमीने ठेवून दिला, आणि ज्यांच्या ज्यांच्या ओळी त्यात गेल्या त्या सर्वांच्या नावापुढे एक बिल्ला झळकू लागला. कोठलीही स्पर्धा नाही, निवड नाही. झोपेतून उठलेल्या लक्षावधी लोकांस आपण उत्तर ध्रुवाजवळ अजरामर झाल्याचे कळले. पुढे २०२२ मध्ये त्याच संस्थेने आणखी काही बिल्ले काढले, त्यांपैकी एक तर आपले काम दुसऱ्या कोणाकडून तपासून न घेता तसेच मुख्य आज्ञावलीत मिसळून टाकणाऱ्यास मिळतो. ज्या कृत्याबद्दल कचेरीत कानउघाडणी व्हावी त्याच कृत्याबद्दल बिल्ला देणारी ही संस्था विनोदबुद्धीत कमी नाही. २०१४ पासून दर ऑक्टोबरात डिजिटलओशन या कंपनीच्या पुढाकाराने जो उत्सव होतो त्यात मुक्त प्रकल्पांस हातभार लावणाऱ्यांस सदरा भेट मिळत असे. सुती सदरा हीच त्या जगातली शाल होय. २०२० साली या शालीसाठी इतकी झुंबड उडाली की, परक्या प्रकल्पाच्या माहितीपत्रात ‘उत्कृष्ट’ असा एक शब्द घुसडून त्यासच योगदान म्हणणाऱ्यांचे पीक आले, आणि अखेर ज्या प्रकल्पांनी आपण होऊन संमती दिली असेल तेथेच हा सेवाभाव दाखवावा, असे संयोजकांस फर्मान काढावे लागले.

याच जगात दुसरे टोकही आहे. डोनल्ड नूथ या थोर संगणकशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथातील चूक प्रथम दाखवून देणारास दोन डॉलर छप्पन्न सेंटांचा धनादेश देण्याचा प्रघात पाडला. १९७४ साली ट्यूरिंग पुरस्काराने गौरविलेला मनुष्य आपली चूक कबूल करून स्वहस्ते पैसे पाठवितो, म्हणून हे धनादेश वटविण्याऐवजी लोक चौकटीत बसवून भिंतीवर लावीत. २००८ नंतर लबाडीच्या भयाने त्यांनी खऱ्या पेढीचे धनादेश बंद करून एका काल्पनिक पेढीची प्रमाणपत्रे देण्यास आरंभ केला. तरी त्यांची प्रतिष्ठा कवडीभरही उतरली नाही. येथे चारही रकाने एका ओळीत भरतात: काय मिळाले, केव्हा, कोणाकडून, आणि कोणत्या पृष्ठावरील कोणती चूक दाखविल्याबद्दल. एवढे लिहिल्यावर विशेषणास जागा उरत नाही, आणि ते लागतही नाही.

मसुद्यात दोन रकाने मात्र राहून गेले आहेत. पहिला, परत केल्याचा: जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर १९१९ साली रवींद्रनाथांनी ‘सर’ ही पदवी टाकून दिली, २००६ मध्ये ग्रिगोरी पेरेलमन या रशियन गणितज्ञाने फील्ड्स पदक नाकारले. ज्यांचा मोठेपणा न घेण्यात होता त्यांची नोंद कोठे करावी, याचे उत्तर या चार रकान्यांत नाही. दुसरा रकाना स्पर्धकसंख्येचा. तो नाही म्हणूनच तीन उमेदवारांतून तिसरा आलेला आणि तीन हजारांतून तिसरा आलेला हे दोघे कागदावर खांद्याला खांदा लावून उभे राहतात. पहिल्याचा खांदा किंचित अधिक ताठ असतो एवढेच.

तेव्हा अर्ज लिहिणाऱ्या तरुणांस माझे सांगणे थोडके आहे. प्रत्येक पुरस्कार लिहिण्यापूर्वी आधी सारांश लिहावा, आणि त्यात आपण काय केले व किती जणांतून निवडले गेलो हे दोन वाक्यांत बसते का ते पाहावे. बसत असेल तर मग वर जाऊन नाव, तारीख आणि देणारा भरावा. सारांश लिहिताना अतुलनीय, उल्लेखनीय, बहुमोल यांपैकी एकही शब्द वापरावासा वाटला तर ती नोंद खोडावी. देणाऱ्यास आपण पैसे दिले असतील तर ती कोणास सांगूच नये. इयत्ता चौथीची शिष्यवृत्ती आईवडिलांच्या समाधानासाठी राखून ठेवावी, ते ती सर्वांना सांगतच असतात. आणि पुरस्कार नाहीच म्हणून मनुष्याने खंत करण्याचे कारण नाही, कारण या मसुद्यातील एकही विभाग सक्तीचा नाही: दोन महिरपी कंस आणि मध्ये काहीच नाही, असा अर्जदेखील यंत्र वैध मानते. ज्याच्यापाशी सांगण्याजोगा एक पुरस्कार आहे त्याने एकच लिहावा. ज्याच्यापाशी एकही नाही त्याने तो विभाग गाळून नोकरीच्या विभागात आपण केलेले काम नीट लिहावे. नोकरी देणारा शहाणा असेल तर तो अर्ज तेथूनच वाचू लागतो.